जगाच्या नकाशावरचा खेळ

भूगोलाच्या तासाला नकाशा भरायचा म्हटला की आपल्यातले निम्मे जण खिडकीबाहेर बघतात. मीही त्यातलाच. पण मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मामेभावाने एक खेळ आणला आणि मला नकाशाची गोडी लागली. त्या खेळाची माहिती आज सांगतो.

खेळाचे नाव 'रिस्क'. रिस्क म्हणजे धोका. आल्बेर लामोरिस या फ्रेंच गृहस्थांनी तो तयार केला आणि १९५७ साली तो फ्रान्समध्ये प्रथम निघाला. हे गृहस्थ मुळात सिनेमावाले. मुलांना आवडणारा 'लाल फुगा' हा प्रसिद्ध चित्रपट त्यांचाच.

सारीपाटात सोंगटीची वाट ठरलेली असते. इथे पट म्हणजे जगाचा नकाशा. त्यावर ६ खंड आणि ४२ प्रदेश. आपल्या प्रदेशावर सैन्य ठेवायचे आणि फासे टाकून शेजारच्या प्रदेशावर हल्ला करायचा. शेजार नसेल तर हल्ला नाही. म्हणून फासे हातात घेण्याआधी नकाशा नीट पाहावा लागतो.

पुरा खंड जिंकला की दर पाळीला जादा सैन्य मिळते. आशियाचे ७, ऑस्ट्रेलियाचे फक्त २. मी म्हटले, आशियाच घ्यावा! पण आशियात १२ प्रदेश आणि शत्रू चोहीकडून आत शिरतो. जणू कुंपण नसलेले मोठे वावर. ऑस्ट्रेलियात ४ प्रदेश आणि वाट एकच, सयाममधून इंडोनेशियात. सयाम हे थायलंडचे जुने नाव. भाऊ त्या दारात सैन्य ठेवून निवांत बसला. मी हरलो.

दुसऱ्या डावात मी उत्तर अमेरिका घेतली. प्रदेश ९, जादा सैन्य ५. दक्षिणेकडची आणि युरोपकडची वाट मी पक्की राखली. अलास्का मात्र मोकळा ठेवला. तो नकाशाच्या अगदी डाव्या कडेला. पलीकडे कोण येणार? तर भावाने पार उजव्या कडेच्या कामचाटकातून अलास्कावर हल्ला केला! मी "लबाड, लबाड" म्हणून ओरडलो, पट उधळला आणि दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

शाळा उघडल्यावर मी गुरुजींना विचारले. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी पृथ्वीचा गोल माझ्यापुढे ठेवून फिरवला. आशिया संपला आणि लगेच अलास्का आला! मध्ये फक्त बेरिंगची सामुद्रधुनी. तीही सर्वांत अरुंद जागी सुमारे ८५ किलोमीटर. कागद संपतो, पृथ्वी संपत नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची तर ती कुठेतरी कापावीच लागते. त्या कापलेल्या जागेलाच मी जगाचा शेवट समजलो होतो. त्याच संध्याकाळी भावाला फोन करून सांगितले, "तू खरा, मी चुकलो."

एक मात्र ध्यानात ठेवा. खेळातला नकाशा परीक्षेत चालणार नाही. त्यात कितीतरी देश मिळून एक प्रदेश केलेला असतो. म्हणून शेजारी खरा नकाशा ठेवावा.

आता आम्ही वर्गात पुठ्ठ्यावर असाच पट काढला आहे. सैन्य म्हणून चिंचोके आणि खडे. शाळेत येणाऱ्या पालकांनीही एक डाव खेळून पाहावा. फक्त अलास्का मोकळा ठेवू नये!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी