सज्ञान मुलाचे कायदेशीर पालकत्व

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला लोकांच्या घरातल्या गोष्टी न विचारता कळतात. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलीचे पासबुक घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. मुलगी बौद्धिक दिव्यांग. खाते ती लहान असताना उघडलेले, पालक म्हणून सही वडिलांची. तिच्याच उपचारासाठी पैसे हवे होते. आम्ही जन्मतारीख पाहिली. अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. "आता तुमची सही चालणार नाही," आम्ही म्हणालो. "अहो, मी तिचा बाप आहे!" ते म्हणाले. नियमाने आम्ही बरोबर होतो. परंतु पुढे काय करायचे, हे त्यांना सांगण्याइतकी माहिती आमच्यापाशी नव्हती. ते तसेच परत गेले. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि आमच्या ताईच्या मुलासाठी प्रत्यक्ष केले, ते सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहोत.

अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक व्यक्ती सज्ञान होते, मग तिला कोणतेही दिव्यांगत्व असो. त्या दिवसापासून आई-वडिलांचा पालक या नात्याने सही करण्याचा अधिकार संपतो. प्रेम व जबाबदारी राहते, अधिकार राहत नाही. बहुतेक पालकांना हे ठाऊकच नसते, आणि ते कळते ते असे खिडकीपाशी.

यावर उपाय म्हणून १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांना तो लागू आहे. (कायद्याच्या मूळ नावात 'मतिमंदत्व' हाच शब्द आहे, आपण तो बोलण्यात टाळलेला बरा.) या कायद्याखाली स्थानिक स्तर समिती नेमली जाते. तीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती असते. आई-वडील किंवा नातेवाईक या समितीकडे अर्ज करू शकतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वयाचा व पत्त्याचा पुरावा, फोटो ही कागदपत्रे तयार ठेवावीत. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र खाते उघडण्यास व चालविण्यास ग्राह्य धरावे, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. एखादा कर्मचारी नाही म्हणाला तर शाखाधिकाऱ्यास भेटावे. तो आमच्यासारखाच अजाण असू शकतो.

परंतु अर्ज करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: पालक नेमण्याची खरोखर गरज आहे काय? केवळ पाय अधू आहेत, दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, एवढ्यावरून कोणालाही पालक लागत नाही. व्यवहार समजत असेल, तर अंगठा उठवूनही खाते चालविता येते. समितीलाही आधी हेच पाहावे लागते की पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कोणत्या कामासाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'मर्यादित पालक' ही कल्पना आणली. असा पालक ठरावीक निर्णयापुरता व ठरावीक काळापुरता असतो, आणि त्याने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्या इच्छेप्रमाणे निर्णय घ्यावयाचा असतो. इतर कायद्यांखाली नेमलेले पालकही आता मर्यादित पालक समजले जातात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

येथे आमचे आणि ताईचे वाजले होते. मेहुण्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन भाच्याच्या नावे पुढे चालू राहावे, म्हणून अर्ज करावा असा आमचा आग्रह. ताई म्हणे, "म्हणजे माझ्या पोराला काही कळत नाही, असं सरकारदरबारी लिहून द्यायचं?" भाचा रोज दूध आणतो, सुट्टे पैसे मोजून परत देतो. तिचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही. शेवटी अर्ज केला तो बँक, निवृत्तिवेतन आणि औषधोपचार एवढ्यासाठीच. समितीपुढे साहेबांनी भाच्यालाच विचारले, "पैसे कोणाकडे ठेवायचे?" तो म्हणाला, "आईकडे. दहा रुपये माझ्याकडे." साहेब हसले नाहीत, हे आम्हाला विशेष वाटले.

मानसिक आजार असलेल्यांचा मार्ग निराळा आहे. राष्ट्रीय न्यास कायदा त्यांना लागू नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. मालमत्तेच्या व्यवहारासाठी मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता 'आमच्या मागे कोण?' हा प्रश्न. मृत्युपत्रात थोरल्या भावाचे नाव लिहिले म्हणून तो आपोआप पालक होत नाही. त्यालाही समितीकडून नेमणूक घ्यावी लागते. त्यामुळे जो पुढे सांभाळणार आहे त्याला आताच विश्वासात घ्यावे, कागद कोठे आहेत ते दाखवावे. मुलाच्या नावे घर किंवा ठेव करून ठेवली आणि सही करणारे कोणी नाही, अशी खाती आम्ही वर्षानुवर्षे पडून राहिलेली पाहिली आहेत.

पालक झाल्यावर जबाबदारीही येते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. हेळसांड किंवा अफरातफर केल्यास पालकास काढून टाकता येते. हिशेबाला घाबरण्याचे कारण नाही. ताई दोनशेपानी वहीत तो मांडते. दुधाचा आकडा भाचा सांगतो, ती लिहिते.