भिंतीवरची तलवार खरी किती?

चंद्रपूरला जटपुरा दरवाजाच्या आत आमचे जुने घर आहे. त्या घराच्या माजघरात एक तलवार खुंटीला टांगलेली असते. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती खाली उतरते. आजी चिंच आणि राख लावून तिला लखलखीत घाशी, आजोबा हळदकुंकू वाहत आणि आम्हा पोरांना पुढ्यात बसवून सांगत, "ही रघूजीराजांच्या फौजेतली बरं का!" पुढे आजीआजोबा गेले. घासण्याचे काम वहिनींकडे आले आणि सांगण्याचे दादांकडे. ह्या वाटणीबद्दल घरात कधी तक्रार झाली नाही.

तक्रारीचा प्रसंग आला तो २०२५ साली. त्या वर्षीच्या एप्रिलात लंडनच्या सदबीज ह्या लिलावगृहात नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून एक तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती मिळवली आणि ऑगस्टात ती मुंबईला आली. बातमी वाचली त्या सकाळी आमच्याकडे चहा कपातच निवला. पुतण्या म्हणाला, "काका, तिचे सत्तेचाळीस लाख, तर आपलीचे निदान पाच तरी?" सगळे हसले, पण दादा हसले नाहीत. पुतणीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि मुदत जवळ येत चालली होती.

पुढच्याच आठवड्यात जुन्या वस्तूंचा एक व्यापारी दारात हजर झाला. त्याने तलवार उलटसुलट पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माल जुना आहे, पण नाव नाही. नावाशिवाय भाव नाही. तुम्ही म्हणत असाल तर पाठीवर सोन्यात नाव घालून देतो. मग बघा."

दादांनी त्याला "कळवतो" असे सांगितले. 'नाही' म्हटले नाही, हे मी लक्षात ठेवले आणि नागपूरच्या एका वृद्ध स्नेह्यांना पत्र टाकले. जुन्या हत्यारांच्या नादात ह्या गृहस्थांचा जन्म गेला आहे. ते आले ते खिशात भिंग घेऊनच.

"प्रथम एक करा," ते म्हणाले, "मूठ आणि पाते ह्या दोन वस्तू आहेत असे समजा. दोघांची साक्ष वेगवेगळी घ्यायची."

मग त्यांनी लंडनहून आलेल्या तलवारीचेच उदाहरण घेतले. तिची मूठ मराठी धाटणीची, सोन्याच्या नक्षीची. पाते मात्र युरोपात घडलेले, एकधारी, किंचित वाकडे. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या अक्षरांत लिहिले आहे, 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. त्यातला शेवटचा शब्दच पात्याचे गोत्र सांगतो. परदेशी पात्याच्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. सतराव्या-अठराव्या शतकांत जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावांची पाती जहाजांनी येत आणि इथले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. 'अलेमानी' हे तलवारीचे जुने नावही जर्मन मुलखाचीच आठवण देते. तेव्हा मूठ एका देशाची आणि पाते दुसऱ्या देशाचे असले, तर एवढ्यावरून तलवार खोटी ठरत नाही.

"मग खोटी ठरते कशावरून?" पुतण्याने विचारले.

"सांध्यावरून. मुठीत पाते बसवताना राळ भरतात. जुनी राळ काळवंडते, ठिसूळ होते. कालपरवाचा डिंक असला तर तो चकाकतो, नाहीतर वासावरून कळतो. कुठे वेल्डिंगचा मणी दिसला, नव्या घाटाचा स्क्रू दिसला, की समजावे."

खुणांवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. जर्मन पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. ती आधी पासाऊ गावची आणि मग झोलिंगेनने उचललेली. तिची नक्कल इतक्या जणांनी केली, की नुसता लांडगा पाहून कोणी पैसे मोजू नयेत. गंजाचेही तसेच. मुद्दाम चढवलेला गंज तांबूस-नारिंगी आणि सगळीकडे सारखा असतो. जुना गंज काळपट तपकिरी असतो. कुठे खोल खड्डे पाडतो, तर कुठे शिवतही नाही. मुठीवरची झीज हात लागतो तिथेच हवी. जिथे बोट पोचत नाही तिथे झीज आणि तळहाताखाली मात्र नक्षी ताजी, असे दिसले तर ती कानशीची करामत जाणावी.

"आणि नाव?" दादांनी प्रथमच तोंड उघडले.

"नाव सगळ्यात शेवटी वाचायचे. नागपूरच्या गादीवर रघूजी तीन झाले. पहिले १७५५ साली वारले, दुसरे १८१६ साली, तिसरे १८५३ साली. तेव्हा एकट्या नावाने काय कळणार? लिपीचे वळण, पात्याचे वय, मुठीची घडण, सगळ्यांचा मेळ बसावा लागतो."

जर्मनीत तरी काय वेगळे आहे, असे म्हणून त्यांनी एक गमतीची गोष्ट सांगितली. प्रशियाच्या सैन्यात १८४२ पासून डोक्यावर अणकुचीदार सुळा असलेली चामड्याची शिरस्त्राणे आली. आज हौशी लोक ती मोठ्या किमतीला घेतात. साध्या शिपायाच्या टोपावरची पितळी मुद्रा काढून तिथे भारी पलटणीची मुद्रा लावली, की किंमत वाढते. म्हणून जाणकार आधी टोप उलटा करतो आणि आतून भोके मोजतो. मुद्रेला लागतात त्यापेक्षा एक जोडी जास्त निघाली, की लबाडी उघडी पडते. "वस्तू स्वतः खोटे बोलत नाही हो. आपण तिच्या तोंडी घालतो."

एवढे झाल्यावर त्यांनी आमची तलवार खिडकीपाशी नेली. बराच वेळ कोणी बोलले नाही. राळ जुनी होती. पाते देशी, हातघडणीचे. वयाने तलवार खरी जुनी ठरली. मग मुठीजवळ, पात्याच्या पाठीवर त्यांनी भिंग धरले आणि दादांना जवळ बोलावले. तिथे केसाएवढ्या बारीक रेघांची जाळी अंधूक दिसत होती.

"सोने बसवण्याआधी कारागीर लोखंडावर अशा आडव्यातिडव्या रेघा ओढतो आणि त्यांत सोन्याची तार ठोकून दाबतो. ह्याला कोफ्तगारी म्हणतात. इथे सोने होते. वेलबुट्टी होती की अक्षरे, आता सांगता येणार नाही. घासून गेले."

वहिनी पदर सावरून आत गेल्या. त्यांचा दोष नव्हता. आजीचाही नव्हता. चिंचेचे आंबट आणि राखेची भुकटी पितळेच्या भांड्यांना ठीक; लोखंडावर ती दर दसऱ्याला एकेक पापुद्रा काढत गेली. आणि तो व्यापारी नवे नाव घालणार होता ते नेमके ह्याच जागी! उरलीसुरली साक्षही त्याच्या सोन्याखाली बुजली असती.

स्नेही जाता जाता म्हणाले, "रघूजींच्या फौजेतली असे तुम्ही म्हणता. रघूजींनी चांद्याचे गोंडराज्य संपवले ते १७५१ साली. घर तर चांद्याचे! मग ही त्या फौजेपुढे उभ्या राहिलेल्या एखाद्या गोंड शिपायाची नसेल कशावरून? किंवा १८१८ साली इंग्रजांनी तोफा लावून हे शहर घेतले, त्या वेळच्या कोणा शिबंदीची?" आजोबांच्या गोष्टीत गोंड शिपाई कधी आलाच नव्हता, हे मला तेव्हा जाणवले.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जुन्या घरांत आणि देवघरांत अशी हत्यारे असतील, त्यांनी एवढे करावे. चिंच, लिंबू, राख, सँडपेपर वर्ज्य. मऊ कोरड्या कापडाने पुसून पातळ यंत्रतेलाचा हात द्यावा. चामड्याच्या म्यानात ओल धरते, म्हणून तलवार बाहेर ठेवावी. चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि घरातली गोष्ट कोणी सांगितली त्याच्या नावासह लिहून ठेवावी. शंका आली तर १८६३ पासूनचा नागपूरचा अजबबंगला आहे, तिथे विचारावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. जमिनीत सापडलेले धन तर १८७८ पासूनच्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते.

व्यापाऱ्याला दादांनी नकार कळवला. पुतणीची फी पतपेढीचे कर्ज काढून भरली. हप्ते अजून चालू आहेत.

ह्या दसऱ्याला तलवार खाली उतरली तेव्हा वहिनींनी सवयीने चिंचेची वाटी आणली आणि तशीच परत नेली. तलवार थोडी काळपट दिसली. पोरे भोवती बसली. दादांनी हळदकुंकू वाहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "ही कोणाची, ते आपल्याला ठाऊक नाही." मग आजोबा काय सांगत ते सांगितले, आणि त्यानंतर त्या गोंड शिपायाचेही सांगितले. यंदा गोष्ट दरवर्षीपेक्षा लांबली. पण एकही पोर उठले नाही.