माळ्यावरच्या पेटीत पितळी बिल्ला सापडला? घासू नका, विकायची घाई करू नका

बारामती / इंदापूर : घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या लोखंडी पेटीत कधी एखादा पितळी बिल्ला निघतो. त्यावर राजाचा छाप नसतो. असतं ते दुकानदाराचं, छावणीचं किंवा पलटणीचं नाव आणि '१ आणा' असा आकडा. पणजोबा लढाईला गेले होते, असं घरात सांगत असतील, तर ते छावणीतलं टोकन असू शकतं.

टोकन कशासाठी?
छावणीत चहा, पाव, सोडा विकणारे ठेकेदार असत. सुटे पैसे कमी पडले की ते स्वतःच्या नावाचे बिल्ले देत. बिल्ला त्याच दुकानात चाले, बाहेर त्याला कोणी विचारत नसे.

दुसऱ्या महायुद्धात नाण्यांची फार टंचाई झाली. लोक चांदीचे रुपये दडवून ठेवू लागले, म्हणून १९४० मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली. तांबं वाचवायला १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. आधीचा पैसा जवळपास ५ ग्रॅमचा होता, हा फक्त २ ग्रॅमचा.

युद्धकैद्यांच्या छावण्यांत तर खऱ्या पैशाऐवजी कूपन देत. खरे पैसे हातात असले तर कैदी पळून जाईल, ही भीती. आपल्या शेजारच्या अहमदनगरला (आता अहिल्यानगर) युद्धाच्या सुरुवातीला जर्मन नागरिकांना अशा छावणीत ठेवलं होतं.

सापडलं तर काय करायचं?
चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नका. अक्षरं झिजली की संग्राहकाच्या लेखी किंमत पडते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन करा, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. बिल्ला कोणाचा, ते कुठल्या पलटणीत होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. नाव-गाव कळलं तरच त्या बिल्ल्याला अर्थ. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संशोधन संस्था आहे.

शेतात नांगरताना पुरलेला ठेवा सापडला, तर गोष्ट वेगळी. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा असेल तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

लाखांच्या मेसेजला भुलू नका
'जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या' असे मेसेज मोबाईलवर फिरतात. आधी फोटो मागतात, मग नोंदणी फी, मग कर. पैसे गेले की फोन बंद. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. खरा घेणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.