आठवीनंतरची भूक (लेखांक ६)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. यावर हमखास सुचवला जातो तो उपाय प्रबोधनाचा. चौरस आहाराचा तक्ता लावा, पाकिटातलं खाऊ नका म्हणून सांगा. पण गरीब घरातल्या मुलांना खाण्याची सवय सांगून लागत नाही, रोज ताटात काय पडतं त्यावरून लागते. आणि ते ताट आपण नको त्या वर्षी काढून घेतो. शालेय पोषण आहार आठवीला संपतो. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. नववीतली मुलं झपाट्याने उंच होत असतात, मुलींची पाळी सुरू झालेली असते, लोहाची गरज वाढलेली असते. नेमकं तेव्हाच शाळेतलं जेवण बंद.

मग मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं चटपटीत पाकीट येतं. त्याला मुलांचा चटोरपणा म्हणणं अन्यायाचं आहे. आई भल्या पहाटे कामाला गेलेली असते, डबा नसतो आणि तेवढ्या पैशात शाळेबाहेर दुसरं काही मिळत नाही. फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये झाला. तो पाळला गेलाच पाहिजे, पण हातात दुसरं काही न देता केलेली बंदी मुलांना फार तर पुढच्या टपरीपर्यंत चालायला लावते.

म्हणून शाळेतलं जेवण दहावीपर्यंत द्यावं. खर्चाचं काय, हा आक्षेप रास्त आहे. तमिळनाडू आणि कर्नाटक ही राज्यं दहावीपर्यंत जेवण देतात. तमिळनाडूत तर शाळेच्या दिवसांत रोज अंडंही मिळतं. आपल्याकडे कितीतरी माध्यमिक शाळा पाचवी ते दहावी एकाच इमारतीत भरतात. चूल तिथे पेटलेलीच असते, स्वयंपाकी-मदतनीस असतात. वाढायचं ते आणखी दोन वर्गांना. मोठी मुलं खिचडीच्या रांगेत उभी राहायला लाजतील, हेही खरं. पण लाज वाटते ती फक्त गरिबांचीच रांग लागते तेव्हा. सगळा वर्ग आणि शिक्षक एकत्र बसले, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलेलं असलं, की चित्र बदलतं. त्या लिंबामुळे उसळीतलं लोहही अंगी लागतं.

व्यायामाकडे जेवणानंतरच वळावं. उपाशी मुलांकडून कवायत करून घेणं क्रूरपणाचं आहे. या वयात रोज तासभर अंग हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणी भरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या मुलींना वेगळा व्यायाम कशाला, असं विचारलं जातं. कष्टाने त्या थकतात. खो-खोत धावताना दम वाढतो, चपळाई येते आणि तो वेळ त्यांचा स्वतःचा असतो. शाळा सुटल्यावर घरची कामं वाट पाहत असतात, म्हणून खेळ वेळापत्रकातच हवा. दहावीचा खेळाचा तास गणिताला देणं थांबवायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, ते मुख्याध्यापकांच्या हातात आहे.