डोंगर कोणत्या महिन्यात पाहिलात?

अंजनेरीला तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? बहुतेक पावसाळ्यातच. त्र्यंबक रोडला बाइक काढायची, पायथ्याशी चहा-भजी, मग पायऱ्या, धुकं आणि ढीगभर फोटो. नाशिकपासून जेमतेम २० किलोमीटरवरचा हा डोंगर आपल्या कॉलेज लाइफचा भागच आहे. पण वर पठारावर ज्या गवतात बसून तुम्ही डबा उघडलात, त्याच गवतात जगाच्या पाठीवर फार कमी ठिकाणी उगवणारं एक रोपटं असू शकतं.

त्याचं नाव सेरोपेजिया अंजनेरिका. कंदिलाच्या आकाराच्या फुलांमुळे या कुळाला मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. ही प्रजाती विज्ञानाला पहिल्यांदा कळली ती अंजनेरीवरूनच. २००६ मध्ये संशोधकांनी तिची नोंद केली आणि नावातच आपल्या डोंगराला जागा दिली. याच डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. जगातून नाहीशी होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असलेल्या पक्ष्यांत त्यांची गणना होते. म्हणूनच २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

आणि मग रस्ता आला

म्हणजे कागदावर आला. मुळेगाव ते अंजनेरी असा गाडीरस्ता डोंगरावर नेण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यामागचं कारण खोटं नव्हतं. हनुमानाचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या या डोंगरावर वयस्कर भाविकांना चढून जाणं अवघड होतं आणि गावांना रोजगारही हवा होता. पण पर्यावरणप्रेमींनी विरोध केला आणि २०२० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी हा रस्ता होणार नाही, असं जाहीर केलं. विषय तिथे संपला नाही. नंतर अंजनेरी-ब्रह्मगिरी रोपवेचा प्रस्ताव आला. आता २०२७ च्या सिंहस्थामुळे त्र्यंबक परिसरात कामांची लगबग आहे. रस्ता हवा की नको, या वादात एक साधा प्रश्न मात्र राहूनच जातो. तिथे काय जगतं, हे कोणी, कधी आणि कसं पाहिलं?

एप्रिलमध्ये गेलात तर?

समजा, पाहणी करायला तुम्ही एप्रिलमध्ये अंजनेरीवर गेलात. पठार करपलेलं असेल. कंदीलपुष्प जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपलेलं असेल आणि वर पानही दिसणार नाही. तुम्ही प्रामाणिकपणे लिहाल, 'दुर्मीळ वनस्पती आढळली नाही.' वाक्य खरं, निष्कर्ष चुकीचा! त्या झाडासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवं. गिधाडांचं वेळापत्रक उलटं आहे. त्यांचा विणीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. त्या दिवसांत कड्याजवळ सुरुंग लावले, तर त्या घरट्याचं वर्षच वाया गेलं म्हणायचं. म्हणजे एकाच डोंगराला किमान दोनदा भेट द्यावी लागते. पण अनेक प्रकल्पांच्या अहवालांत एकाच हंगामातली, तीही पावसाळा वगळून केलेली पाहणी चालवून घेतली जाते.

दुसरी गोष्ट, फक्त डांबराची पट्टी मोजून भागत नाही. डोंगर फोडल्यावर राडारोडा उतारावर कुठे पडणार? वर पार्किंग, टपऱ्या, प्लॅस्टिक किती येणार? रस्ता सात मीटरचा असला, तरी त्याचा परिणाम सात मीटरवर थांबत नाही.

पेंचने काय शिकवलं?

नीट अभ्यास झाला तर रस्त्याचा आराखडाच बदलतो. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या जंगलातून जातो. तिथे प्राण्यांसाठी पुलाखालून नऊ वाटा ठेवल्या आहेत आणि सर्वांत लांब वाट ७५० मीटरची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरा ट्रॅप लावले, तेव्हा २०१९ च्या मार्च ते डिसेंबरमध्ये १८ प्रजातींच्या वन्यप्राण्यांच्या ५४५० नोंदी झाल्या. त्यात वाघही होते! पण हा उपाय अंजनेरीला उचलून लावता येत नाही. वाघ पुलाखालून जाईल. कंद जागा सोडून कुठे जाणार? काही ठिकाणी रस्ता दुसरीकडून नेणं किंवा न करणं, हाच उपाय असतो.

यात तुमचं काय काम?

बरंच आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण परिणामांचा अभ्यास मुख्यतः मोठ्या महामार्गांना लागू होतो. गावाला जोडणारे छोटे रस्ते त्यातून सुटतात. वनजमीन लागली तर वेगळी परवानगी लागते, पण तिथे कोणती प्रजाती आहे हे दाखवणारी जुनी नोंदच नसेल तर बोलायचं कशाच्या जोरावर? मोबाइल आपल्या हातातच आहे. आयनॅचरलिस्ट किंवा ईबर्डवर तारीख आणि जागेसह नोंद टाका. रस्त्यावर मेलेला प्राणी दिसला तर त्याचीही करा. फक्त दुर्मीळ झाडाचं नेमकं ठिकाण इन्स्टावर टाकू नका आणि रोप उपटून घरी तर अजिबात आणू नका.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी नोटीस निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो उघडा आणि आधी पाहणीचा महिना शोधा. तिथे एप्रिल लिहिलेलं असेल, तर सुनावणीत उभं राहून विचारा, 'साहेब, पावसाळ्यात कोणी गेलं होतं का?'