बीजांडकोशाचा कर्करोग : उगमाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीजांडकोशाच्या कर्करोगाचे निदान होते तेव्हा बहुतेक स्त्रियांमध्ये तो पोटाच्या पोकळीत पसरलेला असतो. त्यामुळे हा रोग एकाएकी उद्भवतो आणि त्याविरुद्ध आधीपासून काहीच करता येत नाही, अशी समजूत रूढ झाली आहे. गेल्या सुमारे तीन दशकांतील संशोधनाने मात्र या रोगाची सुरुवात कोठे, कशी आणि किती आधी होते याचे बरेच वेगळे चित्र पुढे आणले असून, अनेक स्त्रियांचे प्राण वाचणे या चित्राच्या योग्य आकलनावर अवलंबून आहे.

गैरसमज : हा कर्करोग बीजांडकोशातच सुरू होतो.

वस्तुस्थिती : या एका नावाखाली उगम आणि जनुकीय घडण वेगवेगळी असलेले अनेक रोग मोडतात. काही प्रकारांचा संबंध एंडोमेट्रिओसिसशी, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याशी आहे. सर्वाधिक आढळणारा आणि सर्वाधिक मृत्यूंना कारण ठरणारा उच्चश्रेणी सीरस कर्करोग मात्र बहुतेक वेळा बीजवाहिनीच्या, म्हणजे नसबंदीत जी नळी बंद केली जाते तिच्या, बीजांडकोशाकडील झालरीसारख्या टोकात सुरू होतो. अनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या काढलेल्या नळ्यांमध्ये कर्करोगपूर्व बदल आढळल्याचे नेदरलँड्समधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले आणि तेथून संशोधनाची दिशा पालटली.

गैरसमज : हा रोग काही आठवड्यांत अचानक उद्भवतो.

वस्तुस्थिती : पेशीतील डीएनए बिघडला की तिचे विभाजन थांबवणारे किंवा तिला नष्ट होण्यास भाग पाडणारे टीपी५३ हे जनुक उच्चश्रेणी सीरस प्रकारात अगदी आरंभी निकामी होते. अमेरिकेतील कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जनुकक्रम तपासलेल्या ३१६ गाठींपैकी ९६ टक्के गाठींत या जनुकात उत्परिवर्तन, म्हणजे रचनेतील कायमचा बदल, आढळला. असा बदल झालेल्या पेशींचा छोटा पुंजका प्रथम नळीच्या अस्तरात तयार होतो, त्यातील काहींचे अस्तरापुरत्याच मर्यादित कर्करोगात रूपांतर होते आणि पुढे त्या पेशी सुटून बीजांडकोशावर व पोटाच्या आतील आवरणावर रुजतात. मोजक्या रुग्णांच्या ऊतींवरील २०१७ च्या एका अभ्यासाने, अस्तरातील कर्करोगापासून बीजांडकोशातील कर्करोगापर्यंतचा काळ सरासरी सुमारे सात वर्षांचा असावा, असा अंदाज वर्तवला आहे.

गैरसमज : आईकडे कोणाला हा रोग नसेल, तर अनुवंशिक धोका नाही.

वस्तुस्थिती : सतराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-१ आणि तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ ही जनुके डीएनएच्या तुटलेल्या दोन्ही धाग्यांची अचूक दुरुस्ती करण्यास मदत करतात. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येत असल्याने सदोष प्रत वडिलांकडूनही येऊ शकते, आणि ज्या घराण्यात स्त्रिया कमी आहेत तेथे ती पिढ्यानपिढ्या लक्षातही येत नाही. दुसरी, निरोगी प्रत एखाद्या पेशीत नष्ट झाली की तेथे बिघाड साचू लागतात. वयाच्या ऐंशीपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मधील दोष असलेल्या स्त्रियांत सुमारे ४४ टक्के आणि बीआरसीए-२ मधील दोष असलेल्या स्त्रियांत सुमारे १७ टक्के असल्याचे २०१७ मधील एका मोठ्या अभ्यासात दिसले.

गैरसमज : दरवर्षी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी केली की रोग वेळीच सापडतो.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सोनोग्राफीने किंवा सीए-१२५ या प्रथिनाच्या नियमित मोजणीने या रोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, असे त्यांतून स्पष्ट झाले. नळीच्या अस्तरातील आरंभीचा बदल सोनोग्राफीत दिसत नाही. पॅप तपासणी तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी असते.

गैरसमज : गर्भपिशवी काढली की धोका टळतो.

वस्तुस्थिती : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा कर्करोगाची भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले. परंतु केवळ गर्भाशय काढल्याने, मागे राहिलेल्या नळ्या आणि बीजांडकोश यांतील धोका दूर होत नाही. सदोष जनुक सिद्ध झालेल्या स्त्रियांमध्ये, अपत्यप्राप्तीनंतर व समुपदेशनानंतर, दोन्ही नळ्या आणि दोन्ही बीजांडकोश काढल्यास धोका मोठ्या प्रमाणात घटतो. मात्र त्यामुळे रजोनिवृत्ती अकाली येत असल्याने हा निर्णय भीतीपोटी नव्हे, तर जनुक तपासणीच्या आधारे घ्यावा लागतो.

म्हणूनच या रोगाचे निदान झालेल्या स्त्रीची जनुक तपासणी होणे अगत्याचे आहे. दोष आढळल्यास दुरुस्तीतील त्याच उणिवेचा लाभ घेणारी पार्प-रोधक औषधे तिच्या उपचारांत वापरता येतात. शिवाय तिच्या बहिणींना, मुलींना आणि पुतण्या-भाच्यांना स्वतःची तपासणी करून घेऊन रोग मूळ धरण्यापूर्वीच त्याला रोखण्याची संधी मिळते.