वहीची दुसरी प्रत

धानाच्या व्यापाराचे आणि भातगिरण्यांचे केंद्र असलेल्या गोंदियात कीर्द-खतावणीची जागा संगणकाने घेतली, त्याला आता बराच काळ लोटला. पेढीचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, घराचे दस्तऐवज आणि लग्नकार्याची छायाचित्रे असे सारे संचित अनेक घरांत एकाच हार्ड डिस्कवर साठलेले असते. लाल वही भिजली तरी तिची काही पाने वाचता येत. डिस्क बंद पडली तर बहुधा एकही पान हाती लागत नाही. कायदा मात्र हिशेब मागतोच. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. कंपन्यांसाठी ही मुदत 8 आर्थिक वर्षांची आहे.

दुसऱ्या प्रतीचे मोल जैन समाजास नवे नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती कित्येक शतके मूडबिद्रीच्या भांडारात बंदिस्त होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद व मुंबईचे माणिकचंद यांच्यासारख्या श्रावकांच्या प्रयत्नांतून त्यांच्या नकला होऊ लागल्या. म्हणूनच 1939 पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली आपल्याच विदर्भातील अमरावतीहून धवलेचे खंड प्रकाशित होऊ शकले.

आजची नकल बाह्य ड्राइव्हवर करावयाची असते. तिचे दोन प्रकार आहेत. हार्ड डिस्क स्वस्त असते, साठवण भरपूर देते. पण आत तबकड्या फिरत असल्याने चालू असताना धक्का लागणे तिला घातक ठरते. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, ती वेगवान व टणक असते, परंतु महाग पडते. शिवाय ती विजेविना वर्षानुवर्षे कपाटात ठेवल्यास तिच्यातील नोंदी पुसल्या जाण्याचा धोका असतो. त्यामुळे घरच्या साठवणीस साधी हार्ड डिस्क पुरेशी आहे. रोज ने-आण करावयाची असल्यास एसएसडी बरी.

सध्या जितकी माहिती आहे, तिच्या दुप्पट क्षमता घ्यावी. 1 टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे 931 जीबी दिसते; ती फसवणूक नसून मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे. यूएसबी 3.0 ची जोडणी असावी, म्हणजे वेळ वाचतो. ऑनलाइन बाजारात कवडीमोलाने मिळणाऱ्या 16 टीबीच्या अनोळखी ड्राइव्हपासून दूर राहावे. पक्के बिल घ्यावे, पण वॉरंटीचा अर्थही ओळखावा: कंपनी डबी बदलून देते, खतावणी परत देत नाही.

खरेदीनंतरची शिस्त अधिक महत्त्वाची. ड्राइव्ह संगणकाला कायम जोडून ठेवू नये. मे 2017 मधील वॉनाक्राय हल्ल्यासारख्या खंडणीखोर विषाणूने मूळ फाइलींबरोबर जोडलेली नक्कलही कुलूपबंद होते. विजेच्या लपंडावात वा वादळात दोन्ही एकदम जळू शकतात. ऑगस्ट 2020 अखेरच्या वैनगंगेच्या पुराने तर एकाच छपराखाली सर्व काही ठेवण्यातील जोखीम दाखवून दिली. म्हणून एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. तिरोडा किंवा आमगाव येथील आप्ताचे घर अथवा बँकेचे लॉकर यासाठी उत्तम. बाहेर ठेवावयाच्या प्रतीला पासवर्डचे संरक्षण द्यावे आणि तो पासवर्ड घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीस ठाऊक असावा. अन्यथा कर्त्या माणसाबरोबर हिशेबही हरवतो.

नक्कल घेतली म्हणजे काम संपले असे नव्हे. पासबुकाचा मेळ घालावा त्याप्रमाणे दर महिन्याला नकलेतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला ग्रंथभांडारे उघडून पोथ्या झाडण्या-पुसण्याची, नवी वेष्टने घालण्याची रीत आहे. त्याच दिवशी घरची ड्राइव्हही तपासावी आणि चार-पाच वर्षे वापरलेली जुनी ड्राइव्ह बदलून नवी घ्यावी. पुढच्या पिढीच्या हाती पेढी सोपवताना तिचा हिशेब वाचता येण्याजोगा असणे, हाही वारशाचाच भाग आहे.